अवखळ की अवधानहीन?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतही आईबाप म्हणतात, ‘मूल हुशार आहे, पण लक्ष नाही!’ ही नेहमीच खोडी नसते. अशा मुलांचे वर्णन लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच व्याख्यानांतून केले होते. अवधान न टिकणे, वस्तू हरवणे, प्रश्न संपण्यापूर्वीच उत्तर देणे ही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली, सहा महिने टिकलेली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे आढळणारी असावीत. मुकाट्याने खिडकीबाहेर पाहणारी मुलगीही त्यांतलीच असू शकेल. प्रथम कान व डोळे तपासून घ्यावेत. ग्वाल्हेरला १९३५ पासून मानसिक आरोग्यशाला आहे. तिची पायरी चढण्यात कमीपणा कसला? छडीने अवधान वाढत नाही. मुलाचा आत्मविश्वास मात्र खचतो.