भिणाऱ्याची श्रद्धा

भय ही काही दुबळ्यांचीच मिरास नव्हे. अंगापिंडाने धडधाकट, गाठीला चार पैसे असलेला माणूसही रात्री दोन वाजता जागा होतो आणि छताकडे पाहत पडून राहतो. दवाखान्यातून तपासणीचा कागद यायचा असतो, नोकरीचा भरवसा नसतो, परगावच्या मुलाची खुशाली कळलेली नसते. दिवसा जी काळजी कामाच्या धबडग्यात बाजूला सारता येते, ती रात्री उशाशी येऊन बसते. अशा वेळी कोणी म्हणाले, "देवावर भरवसा ठेवा, भिऊ नका," तर मनात येते, सांगायला यांचे काय जाते!

म्हणून ख्रिस्ती श्रद्धा भयाला काय उत्तर देते हे पाहण्याआधी, ती कोणते उत्तर देत नाही ते पाहू. श्रद्धा म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. आपण प्रार्थना केली, उपासना चुकवली नाही, म्हणून आजार आपले घर वगळून पुढे जाईल, असा करार शुभवर्तमानात कोठेही नाही. दुःख वाट्याला येणार हे प्रभू येशूने शिष्यांना आधीच बजावून ठेवले होते. हा करार आहे असे जो समजतो, त्याची श्रद्धा पहिल्याच संकटाला कोसळते. एवढेच नव्हे, तर "माझेच काहीतरी चुकले असेल" ही आणखी एक टोचणी त्याच्या मागे लागते.

गालील सरोवरातल्या वादळाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मचव्यात पाणी भरू लागले होते आणि येशू उशीवर डोके ठेवून झोपला होता. या गोष्टीतली एक बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. त्या शिष्यांपैकी काहीजण मुळात कोळी होते. त्यांचा जन्म त्या पाण्यावर गेला होता. ते भ्याले ते अडाणीपणाने नव्हे, तर पाणी कसे बुडवते हे पक्के माहीत असल्यामुळे. त्यांनी येशूला जागे केले आणि जवळजवळ रागानेच विचारले, आम्ही मरतो आहोत याची तुला काहीच पर्वा नाही का? येशूने आधी वारा शांत केला आणि मग त्यांच्या अविश्वासाबद्दल त्यांना बोल लावला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घाबरलेल्याला आधी हात द्यावा आणि उपदेश मागाहून करावा.

दुसरा प्रसंग गेथशेमाने बागेतला. तेथे भय खुद्द येशूला वाटले. तो व्याकूळ झाला, आपल्या मित्रांना त्याने जवळ जागत बसायला सांगितले, आणि हा दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने पित्याजवळ मागणी केली. मित्र झोपी गेले. प्याला टळला नाही. पण प्रार्थना संपवून तो उठला आणि धरायला येणाऱ्यांना सामोरा गेला. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा प्रसंग आहे, तो धर्म भिणाऱ्याला पापी कसा ठरवील? भय वाटणे हा अविश्वास नव्हे. भयाच्या हाती लगाम देणे आणि भीतीतही पित्याचा हात न सोडणे, यांत खरा फरक आहे.

ही गोष्ट कोणाच्या आयुष्यात उतरलेली दिसते का? आपल्याच महाराष्ट्रात कर्तृत्व गाजवलेल्या पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहा. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. मुलीला त्यांनी घरी संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकात दुष्काळ आणि दारिद्र्य यांत रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. उरला एक भाऊ, तो १८८० साली गेला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ साली पती पटकीने वारले. पदरात लहानगी मनोरमा, आणि स्वतःचे वय अवघे तेवीस.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून मन निर्भय झाले असे मात्र झाले नाही. मनाला खरी शांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे पाहा, इतक्या बुद्धिमान आणि प्रांजळ बाईलाही श्रद्धा एका रात्रीत अंगवळणी पडली नाही. आपल्याला वेळ लागला तर नवल ते काय!

त्या श्रद्धेची कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांपुरते साह्य देऊ केले होते, आणि ती मुदत संपत आली होती. व्यवहार म्हणत होता, आहे तेवढे सांभाळा. पण उपासमार काय असते हे त्यांना पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या पोटाने माहीत होते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या माणसांना तेथे ठेवण्याची सोय राहिली नाही, तेव्हा त्यांनी पुणे–दौंड रेल्वेमार्गावरील केडगावच्या आपल्या जमिनीवर त्यांना नेले. तेथेच 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आंधळ्या मुलींना तेथे ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली. ती संस्था आजही केडगावात आहे.

ज्या दुष्काळाने त्यांचे घर मोडले, त्याच दुष्काळाच्या तोंडात त्या आपण होऊन पुन्हा शिरल्या. त्यांना भय वाटले नसेल? वाटले असेलच. पण समोर उपाशी मूल उभे असले, म्हणजे स्वतःच्या भयाकडे पाहत बसायला सवड राहत नाही. पूर्ण प्रीती भयाला घालवून देते, असे प्रेषित योहानाच्या पत्रात सांगितले आहे, त्याचा अर्थ मी असा घेतो. भयाशी झुंजत बसल्याने ते जात नाही. मनातली त्याची जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते.

आणि त्यांची श्रद्धा विम्यासारखी नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एवढे सारे करूनही १९२१ च्या जुलैत चाळीस वर्षांची मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळातही सोडले नव्हते. एकुलती एक मुलगी गेलेल्या आईने हातातले काम खाली ठेवले नाही, यापेक्षा विश्वासाची व्याख्या मला तरी करता येत नाही.

तेव्हा श्रोतेहो, रात्री दोन वाजता जाग आली, तर "मला भय वाटत नाही" असे स्वतःला बजावत बसू नका. ज्या गोष्टीचे भय वाटते, तिचे नाव घेऊन ती देवापुढे मांडा. गेथशेमानेत येशूने तेच केले. जवळच्या एखाद्या माणसाला आपल्याबरोबर जागायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि सकाळ झाली की आपल्याहून अधिक घाबरलेला कोणी आसपास आहे का, ते पाहा. असा माणूस सापडतोच. त्याच्या दारापर्यंत चालत जाताना भय आपल्याबरोबर आले, तरी येऊ द्या. पाय चालत राहिले म्हणजे झाले.