खांद्यात धरतंय

रेडिओवरून पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवता येत नाही, सांगावं लागतं. तेव्हा श्रोतेहो, मी सांगतो, तुम्ही डोळ्यांपुढं आणा. गडद हिरवा रंग. वर कोपऱ्यात चंद्रकोर, खाली मिनार. मधोमध 'शिलाई' ही तीन अक्षरं, उर्दूच्या वळणानं तिरकी पळणारी. माझ्या कवितासंग्रहासाठी केलेलं हे पहिलं मुखपृष्ठ. २०२२ सालची गोष्ट. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं ते केलं होतं. परीक्षेसाठी तिला एक पुस्तक आतून-बाहेरून मांडायचं होतं आणि जमलं तर तेच छापू, असं प्रकाशकांनी कबूल केलं होतं.

माझे अब्बा शिंपी. संग्रहातल्या बहुतेक कविता त्यांच्या दुकानातल्या. खडूच्या खुणा, चिंध्या, जूनमधले शाळेचे गणवेश, उधारीची वही. मिनार एकाही कवितेत नाही. मी तिला म्हणालो, "हे पुस्तकाचं मुखपृष्ठ नाही, माझ्या नावाचं आहे." तिनं कागद गुंडाळला आणि ती निघून गेली.

बोललो ते खरं होतं, पण त्याचा तिला उपयोग काय? अब्बा म्हणायचे, नुसतं 'आवडलं नाही' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा सदरा दुरुस्त करता येत नाही. 'खांद्यात धरतंय' म्हणणाऱ्याचा येतो. मी आठवड्यानं तिला पुन्हा बोलावलं. तिनं आधी कबूल केलं, की पहिल्या पाच-सहा कविताच वाचल्या होत्या. मी कबूल केलं, की मी रागात होतो. मग आम्ही कुठं कुठं धरतंय ते पाहायला बसलो.

माझ्या नावातल्या 'ज'खाली तिनं नुक्ता दिला होता. आदरानंच दिला होता. पण 'जीव'मधला 'ज' वेगळा आणि 'जमीन'मधला वेगळा, तरी मराठीत आपण दोन्ही एकसारखेच लिहितो. शाळेच्या दाखल्यापासून माझं नाव बिनठिपक्याचं आहे. दुसरं, 'शिलाई'तला 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे पडले होते. आपला 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श' देठाचा; महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच वळणं आहेत. ती म्हणाली, "सर, फॉन्टमध्येच तसे आहेत." शोधल्यावर कळलं, की संगणकाच्या लेखी दोन्ही 'ल' एकच, त्यांचा संकेतांकही एकच. वळण ठरवतो फॉन्ट. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली, की ही दोन अक्षरं आपलं रूप बदलतात. हे तिनं मला शिकवलं. इतकी वर्षं मी उगाच कंपोझिटरांवर करवादत होतो.

आतल्या पानांचं दुखणं निराळं होतं. पानं वाचवायला तिनं ओळी दाटीनं बसवल्या होत्या. इंग्रजीला तेवढी दाटी चालून जाते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकत होता. लांब ओळ मोडली, की उरलेला शब्द डावीकडून सुरू होई आणि नवी ओळ असल्यासारखा वाटे. कवितेत याला मी चूक म्हणत नाही, अपघात म्हणतो. असे शब्द तिनं उजवीकडं सरकवले, ओळींत अंतर वाढवलं. ८० पानांचं पुस्तक ९६ पानांवर गेलं. प्रकाशकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण ते 'बरं' म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ती हातानं काढलेली अक्षरं घेऊन आली. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जे रूप दिलं, ते तिनं मधल्या काळात पाहिलं होतं. तिनं 'शिलाई'ची शिरोरेषा धावदोऱ्यासारखी तुटक केली होती. कल्पना सुरेख. पण कागद भिंतीला टेकवून चार पावलं मागं गेलो, तर शब्द उसवला. वेलांटी कुठली, काना कुठला, कळेना. तिसऱ्या खेपेला शिरोरेषा अखंड झाली. फक्त 'ई' संपल्यावर ती थोडी पुढं जाऊन टाक्याटाक्यांनी विरत गेली. मागं खाकी कापडाचा रंग, त्यावर खडूच्या दोन रेघा. अब्बांनी पाहिलं असतं तर रेघ कापडाच्या आडव्या धाग्यावर आहे की उभ्या, एवढंच विचारलं असतं.

सगळं मनासारखं झाल्यावर मी सहज म्हणालो, "माझं नाव जरा बारीक कर."

"किती?"

"चोवीस पॉइंट आहे ना? चौदा कर."

तिनं करून दाखवलं. मग पडद्याकडंच बघत म्हणाली, "सर, रागावू नका. पहिल्यांदा मी तुमचं नाव बघून मुखपृष्ठ केलं. आता तुम्हीही नाव बघूनच सांगताय का?"

मी उत्तर दिलं नाही. दुकानात पुस्तक हातात घेणारा आधी काय वाचेल, याचा हिशोब माझ्या मनात होता हे खरं. तो किती वर्षांपासून होता, ते मलाच आठवेना. बऱ्याच वेळानं म्हणालो, "चोवीसच राहू दे."

पुस्तक पाचशे प्रतींचं निघालं. प्रत हातात आल्यावर मी ती उलटीसुलटी करून पाहिली. मुखपृष्ठावरचा नुक्ता गेला होता. कण्यावरचा मात्र आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटला होता. कणा जेमतेम सहा मिलिमीटरचा, त्यावरचं नाव बारीक. ठिपका दिसतो तो शोधणाऱ्यालाच. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "सर, कळलंय मला. सकाळपासून तेच बघत बसलेय."