वेसाव्याच्या किनाऱ्याचे मोल



नकाशावर आणि मेट्रोच्या फलकावर 'वर्सोवा' हे नाव असले, तरी तेथील कोळी आपल्या गावाला अद्याप वेसावेच म्हणतात. खाडीच्या मुखाशी वसलेल्या या कोळीवाड्याचे उपनगर कसे झाले, हा प्रश्न इतिहासाचा कमी, अर्थशास्त्राचा अधिक आहे.

१८४५ मध्ये माहीम-वांद्रे सेतू झाला; सरकारने खर्च नाकारल्यावर तो अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. पुढे अंधेरीला रेल्वे आली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरीपर्यंत गेली, २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाली. यांतील एकही गोष्ट भूखंडधारकाने केली नाही. वाढलेला खंड मात्र त्याच्याच पदरी पडला. रिकार्डो शिकविणाऱ्यास याचे नवल वाटू नये. नगररचना योजनेतील वाढीव मोलाचा निम्म्यापर्यंत हिस्सा वसूल करण्याची तरतूद १९६६ च्या कायद्यात आहे. परंतु योजनाच आखल्या नाहीत तर कलम कागदावरच राहते. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा तर महाराष्ट्राने २००७ मध्ये गुंडाळूनच टाकला.

आता कोळ्यांकडे पाहा. बंगलेवाल्यास किनारा हे दृश्य आहे. कोळ्यास ते उत्पादनसाधन आहे. तेथे होड्या ओढल्या जातात, जाळी विणली जातात, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात. हे वाळवण बहुतांशी स्त्रियांच्या श्रमावर चालते आणि त्याचे आर्थिक मर्म आपण नीट ओळखले पाहिजे. ओला मासा त्याच दिवशी विकावा लागतो, म्हणजे व्यापारी देईल त्या भावाने. सुकविलेला मासा थांबू शकतो. वाळवणाची जागा गेली की कोळणीची थांबण्याची शक्तीच जाते. ही जागा पिढ्यान्‌पिढ्या सामाईक वहिवाटीची. कोणा एकाच्या नावावर नाही, म्हणून भरपाईच्या हिशेबातही येत नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनात घरे धरली जातात, वाळवणाच्या व होड्यांच्या जागा सुटतात, ही मच्छीमार संघटनांची तक्रार याच कारणाने गंभीर आहे.

सागरी मार्गाच्या खांबांतील अंतर ६० मीटर ठरले असता वरळीच्या कोळ्यांनी होड्यांना वाट अपुरी पडेल म्हणून काम अडविले. २०२२ च्या अखेरीस सरकारने १२० मीटर मान्य केले. मागणी त्याहून मोठी होती. वेसाव्याकडे येणाऱ्या सागरी सेतूचे काम चालू आहे. तेथील वाळवणाच्या व होड्यांच्या जागांची मोजणी व नोंद करून घेण्यास आपले कार्यकर्ते गावकऱ्यांबरोबर बसणार आहेत काय?