रोगी कमी झाले कीं दूर गेले?

बदलापूरची लोकवस्ती २००१ सालीं ९७,९४८ होती. दहा वर्षांत ती १,७४,२२६ झाली. या वाढीचा एक धागा गिरणगांवापर्यंत पोंचतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागीं टॉवर उठले, आणि महाग झालेल्या परळ-लालबागहून कांहीं कुटुंबें परवडणाऱ्या खोलीसाठीं अंबरनाथ-बदलापूरकडे सरकलीं. लंडनमधील अशाच फेरपालटाला रूथ ग्लास यांनीं १९६४ सालीं ‘जेंट्रिफिकेशन’ म्हटलें.

त्याचें माप घरभाडें, शिक्षण, उत्पन्न यांवरून घेतात. आरोग्याचें माप मात्र फसवें. परळांत रोग्यांचें प्रमाण घटलेलें दिसलें, तरी कोणी बरें झालें असें ठरत नाहीं. रोगीच वस्ती सोडून गेला असेल! तो आतां पहांटे बदलापुरास लोकल पकडतो, ६८ किलोमीटर बहुधा उभ्यानेंच जातो. झोप तुटते, ओळखीचा डॉक्टर सुटतो. बदलापूरच्या वहींत तो केवळ नवा रहिवासी.

न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत वस्तीऐवजीं माणसांचाच माग काढला. जुन्या जागीं टिकलेल्यांपेक्षां हटलेलीं माणसें इस्पितळांत अधिक वेळां गेलेलीं आढळलीं; मानसिक विकारांसाठींही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथें घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या नोंदवहींत ‘पूर्वीं राहणें कोठें?’ एवढा रकाना वाढविला, तरी येथील शोधास आरंभ करतां येईल.