मानधन की वेतन?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



'वेज' आणि 'ऑनरेरियम' या दोन इंग्रजी शब्दांविषयी आज बोलणार आहे. आपण त्यांना वेतन आणि मानधन म्हणतो. दोन्हींत कामाबद्दल पैसेच मिळतात, मग शब्दांचा कीस कशाला, असे कोणी विचारील. परंतु या दोहोंमधील अंतराची झळ लक्षावधी स्त्रियांच्या संसारांना बसत आली आहे.

'वेज' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ तारण, हमी. गहाणखतासाठी वापरला जाणारा 'मॉर्गेज' हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे वेतन हे देणे आहे. ते मालकाच्या मर्जीवर नसते आणि थकले तर हक्काने वसूल करता येते.

'ऑनरेरियम'चे कूळ लॅटिन. प्राचीन रोममध्ये वकिलाने अशिलाकडून मोबदला घेऊ नये, असा इ. स. पूर्व २०४ चा कायदा होता. प्रतिष्ठिताने पैशासाठी राबणे तेथे हीन मानले जाई. म्हणून त्याला मिळणारी रक्कम सन्मानाची भेट म्हणवली गेली. आजही व्याख्यात्याला मानधन देतात. मलाही ते मिळते. पण माझी चूल पेन्शनवर पेटते, त्या पाकिटावर नव्हे. ज्याचे पोट अन्यत्र भरते, त्यालाच हा शब्द शोभतो.

आता अंगणवाडीकडे पाहा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पोषण आहार, बालकांची वजने, लसीकरणास साहाय्य, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि नोंदवह्या हा सारा भार सेविका व मदतनीस वाहतात. सरकारने मात्र त्यांना स्वयंसेवक मानून मानधन देऊ केले. वेतन म्हटले की किमान दर, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मागोमाग येतात. मानधन म्हटले की दार बंद! रोममध्ये जो शब्द मजुरीच्या वरच्यांसाठी होता, तो येथे मजुरीही नाकारलेल्यांच्या माथी मारला गेला.

या स्त्रियांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केली. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत हे मानधनही बसते, असे न्यायालयाने म्हटले. शब्दाचा बुरखा तेथे गळून पडला.

तिजोरीत पैसा नाही, असे सांगितले जाते. तसे असेल तर तो वाद आकड्यांनी व्हावा; सन्मानाच्या भाषेआड तो लपवू नये.

अखेरीस आपल्याविषयी. आपल्याच फलकांवर 'मानधनवाढ झालीच पाहिजे' असे लिहिलेले मी पाहतो. ही मागणी करताना आपण सरकारचा शब्द मान्य करून बसतो. वाढ मागावीच, पण ती वेतन म्हणून मागावी. दान वाढवून घेणे ही विनंती असते, देणे वसूल करणे हा लढा असतो.