एकतिसावी प्रत का नाही?

परवा एकाचा मेसेज आला, "दादा, विश्रामबागवाड्याची प्रिंट संपली? मग अजून छापा की!" आज त्याचंच उत्तर देतो.

प्रिंटखाली पेन्सिलीनं ७/३० लिहिलेलं असतं, म्हणजे तीस प्रतींमधली सातवी. मी रिडक्शन लिनोकट करतो. लिनोचा एकच तुकडा. आधी फिकट रंग तीसही कागदांवर छापायचा, मग तोच तुकडा आणखी कोरून पुढचा गडद रंग. शेवटी तुकड्यावर उरतात फक्त सुरूदार खांबांच्या सावल्या. पहिला रंग परत छापायचा तर ती जागा कोरून गेलेली असते. एकतिसावी होणारच नाही.

डिजिटल प्रिंटचं तसं नाही, फाइल कायम राहते. तिथं सगळा भरवसा विकणाऱ्याच्या शब्दावर. म्हणून घेण्याआधी विचारा: एकूण प्रती किती? दुसऱ्या साइजमध्ये वेगळ्या छापणार का? आर्टिस्ट प्रूफ किती?

विश्रामबागवाडा १८०७पासून उभा आहे, तो तुम्ही जाऊन बघू शकता. पण पेठेतल्या एका साध्या वाड्याचं मी स्केच केलं आणि छापून होईपर्यंत तिथं पत्रे लागले होते. त्यातली पहिली प्रत तिथल्या भाडेकरू आजींना दिली. उरलेल्या एकोणतीस आहेत. हवी असेल तर आधी तुमच्या गल्लीतला वाडा बघून या, मग बोलू!