निरोपाचे शब्द

लोकसभा विसर्जित होते तेव्हा तिचे सारे सदस्य एकाच वेळी मतदारांपुढे जातात. कोण परत येईल हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे निरोप देणारा कोण आणि घेणारा कोण हेही सांगता येत नाही. राज्यसभेची गोष्ट वेगळी आहे. संविधानाच्या ८३ व्या अनुच्छेदानुसार हे सभागृह कधीही विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी त्याचे सुमारे एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि बाकीचे मागे राहतात. १९५२ साली सभागृह प्रथम भरले तेव्हा त्याचे २१६ सदस्य होते. त्यांच्यापैकी कोणी दोन, कोणी चार व कोणी सहा वर्षे राहावे, हे चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले. १९५४ च्या एप्रिलमध्ये पहिली तुकडी निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणांना राज्यसभेत जे स्थान आहे, ते या रचनेमुळे.

अशा प्रसंगी सभापती बोलतात, सभागृहनेते व विरोधी पक्षनेते बोलतात, आणि जाणारे सदस्यही आपले मन मोकळे करतात. तेवढ्या वेळापुरती मतविभागणी दूर राहते. परंतु या प्रथेत एक धोका आहे. प्रत्येक जाणारा सदस्य विद्वान ठरतो, प्रत्येकाची उणीव भासणार असते, आणि सर्वांना सारखीच वाटलेली स्तुती कोणाच्याच वाट्याला येत नाही. गौरव खरा ठरावयाचा असेल, तर त्या व्यक्तीचे एखादे नेमके काम सांगावे लागते. ती व्यक्ती विरोधी पक्षातील असेल, तर मतभेदही लपवून चालत नाही.

दिवंगत सहकाऱ्याला वाहिलेल्या श्रद्धांजलीलाही हीच कसोटी लागू पडते. २७ मे १९६४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंचे निधन झाले. जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी राज्यसभेत होते. नेहरूंच्या चीनविषयक धोरणावर त्यांनी वारंवार कठोर टीका केली होती. श्रद्धांजलीच्या भाषणात त्यांनी मतभेदांचा उल्लेख टाळला नाही, आणि नेहरूंच्या प्रामाणिकपणाला व देशप्रेमाला मनःपूर्वक आदरही वाहिला. साठ वर्षांनंतरही त्या भाषणाची आठवण काढली जाते, याचे कारण या दोन गोष्टी त्यात एकत्र नांदतात.

मृत्यूनंतरच्या गौरवाला मात्र एक मर्यादा असते: ज्याच्यासाठी तो असतो, त्याला तो ऐकू येत नाही. कम्युनिस्ट पक्षाचे भूपेश गुप्त १९५२ पासून राज्यसभेचे सदस्य होते. एक मुदत संपावी आणि त्यांनी पुन्हा निवडून यावे, असे २९ वर्षे चालले. ६ ऑगस्ट १९८१ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले तेव्हाही ते सदस्यच होते. सरकारला सतत जाब विचारणाऱ्या या संसदपटूला सभागृहाचा अखेरचा निरोप स्वतःच्या कानांनी ऐकता आला नाही.

अलीकडचे एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१६ साली डॉ. मनमोहन सिंग यांनी नोटाबंदीच्या निर्णयावर राज्यसभेतच घणाघाती टीका केली होती. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निवृत्त होणाऱ्या सदस्यांना निरोप देताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांचा आवर्जून गौरव केला. सरकार पक्षाचा विजय निश्चित असतानाही डॉ. सिंग चाकांच्या खुर्चीत बसून मतदानाला आले होते, या घटनेचा त्यांनी उल्लेख केला. ते मत सरकारच्या विरोधातील होते. गौरव झाला तो कर्तव्यनिष्ठेचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉ. सिंग निवृत्त झाले आणि २६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. निदान ते शब्द त्यांच्या हयातीत उच्चारले गेले.

ज्या सभागृहाला जाणाऱ्या प्रतिपक्ष्याचे एकही काम आठवत नाही, त्याने त्याचे म्हणणे कधी ऐकलेच नव्हते असे समजावे. चांगल्या निरोपाची तयारी निरोपाच्या दिवशी होत नसते. सहा वर्षे समोरच्या बाकावरचे बोलणे लक्ष देऊन ऐकणे, हीच ती तयारी होय.